दोन ओळींची मालकी

"तन्त अमारे, तन्त अमारे, हबीब, तन्त अमारे." अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये रचलेल्या एका हिब्रू प्रशस्तिकाव्याची ही शेवटाकडची ओळ आहे. कवी ज्यू, नाव योसेफ. त्याचे बिरुद 'अल-कातिब', म्हणजे लेखनिक, हे मात्र अरबी. ज्यांची स्तुती केली आहे ते शमुएल हनागिद आणि त्यांचे बंधू इसहाक. पैकी शमुएल हे ग्रानादाच्या बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकी वंशाच्या, मुसलमान राजाचे ज्यू वजीर. रचनाबंध 'मुवश्शह', तो अन्दलुसी, म्हणजे मुसलमानी स्पेनमधल्या, अरबांनी घडवलेला. आणि एवढे सगळे झाल्यावर कविता संपते ती हिब्रूत नव्हे, अरबीतही नव्हे, तर लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या, स्पॅनिशच्या बहिणीसारख्या एका बोलीत. "इतके प्रेम, इतके प्रेम, सख्या, इतके प्रेम" असे एक स्त्री म्हणते, आणि आपले डोळे आजारले, फार दुखतात, अशी पुढच्या ओळीत तक्रार करते. तिच्या तोंडचा 'सखा' हा शब्द तेवढा पुन्हा अरबी. मुवश्शहाच्या या शेवटच्या ओळींना खर्जा म्हणतात. आपल्या गाण्यातल्या खर्जाशी तिचा संबंध नाही. अरबीत त्या शब्दाचा अर्थ बाहेर पडणे, निर्गम. आता ही दोन ओळींची खर्जा कोणाची: ज्यूंची, अरबांची की स्पॅनिश ख्रिस्त्यांची?

1948 साली सॅम्युएल स्टर्न या तिशीही न गाठलेल्या, हंगेरीत जन्मलेल्या अभ्यासकाने हिब्रू मुवश्शहांतल्या अशा वीस खर्जा उलगडून छापल्या आणि तेव्हापासून हा प्रश्न मध्ययुगीन स्पॅनिश साहित्याच्या अभ्यासात ठाण मांडून बसला आहे. तोवर इबेरियाच्या लोकभाषांतली सर्वांत जुनी भावकविता म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासूनची गालिसियन-पोर्तुगीज गीते, अशी समजूत होती. ती सीमा एका लेखाने शतकाहून अधिक मागे गेली. पुढच्याच वर्षी स्पॅनिश कवी-समीक्षक दामासो आलोन्सो यांनी या खर्जांचे स्वागत करताना त्यांना युरोपीय भावकवितेचा लवकर आलेला वसंत म्हटले. या शब्दयोजनेत आनंद आहे तसा हक्कही आहे, हे लक्षात घ्यावे. ज्या ओळी हिब्रू आणि अरबी लिपीत, हिब्रू आणि अरबी कवींच्या हातून आपल्यापर्यंत आल्या, त्या पहिल्याच वर्षात 'युरोपीय' झाल्या. उलट बाजूने लवकरच उत्तर आले की आन्दालुसियाच्या तिन्ही धर्मांच्या सहजीवनाचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

माझे मत आधीच सांगून टाकलेले बरे. मध्ययुगीन स्पॅनिश साहित्याबद्दलचा वाद आज ज्या रीतीने घातला जातो, त्यात दोन्ही पक्ष एकच चूक करतात: साहित्यातली देवाणघेवाण म्हणजे माणसांमधल्या सलोख्याची पावती, असे दोघेही धरून चालतात. एक पक्ष देवाणघेवाण दाखवून सलोखा सिद्ध करू पाहतो. दुसरा कत्तली आणि हद्दपाऱ्या दाखवून देवाणघेवाणच नाकारू पाहतो, किंवा ती वरवरची होती असे म्हणतो. गृहीतक दोघांचे सारखे आणि तेच खोटे आहे. वैऱ्याकडून वृत्त घेता येते, शब्द घेता येतो, गोष्ट घेता येते. आणि ज्याची पंगत वेगळी ठेवली आहे त्याच्या ओवीवर मान डोलावता येते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायची गरज खरे तर पडू नये.

हा वाद कसा रंगला ते पाहण्यासारखे आहे. स्टर्न यांचा लेख निघाला त्याच 1948 साली अमेरिको कास्त्रो यांनी ब्वेनोस आयरेसहून स्पेनच्या इतिहासावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा सिद्धान्त असा की 711 मध्ये मुसलमान द्वीपकल्पात उतरण्यापूर्वी 'स्पॅनिश' असे कोणी नव्हतेच. ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू या तीन 'कास्तां'च्या गुंत्यातून स्पॅनिश माणूस घडला. (पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात येऊन आपल्या जातींना जो शब्द लावला, तो हाच.) 1956 मध्ये त्याच शहरातून क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस यांचे दोन खंडी उत्तर आले: स्पॅनिश स्वभाव रोमनपूर्व काळापासून अखंड आहे, अरबांनी त्याला फारतर वरून रंग दिला. आज हे दोन ग्रंथ डावे आणि उजवे म्हणून वाचले जातात. गंमत अशी की दोन्ही लेखक हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीमुळे देशाबाहेर पडलेले, दोघेही माद्रिदमध्ये भाषाशास्त्रज्ञ रामोन मेनेन्देस पिदाल यांच्या छायेत वाढलेले, आणि ज्यांना आज उजव्यांचा आधार मानतात ते सांचेस-आल्बोर्नोस 1962 ते 1971 या काळात परागंदा प्रजासत्ताक सरकारचे पंतप्रधान होते. वादाची पुढची आवृत्ती इंग्रजीत निघाली. 2002 मध्ये मारिया रोसा मेनोकाल यांनी सहिष्णुतेच्या संस्कृतीचे लोभस चित्र रंगवले, तर 2016 मध्ये दारिओ फेर्नान्देस-मोरेरा यांनी तो स्वर्ग निव्वळ कल्पित असल्याचे मांडले. 2019 च्या एप्रिलात स्पेनमधल्या कडव्या उजव्या व्होक्स पक्षाने निवडणुकीचा प्रचार कोवादोंगाहून सुरू केला. मुसलमानांवरचा ख्रिस्त्यांचा पहिला विजय आठव्या शतकात तिथेच झाला अशी परंपरा सांगते. आपल्याकडेही स्वतःच्या इतिहासाबद्दल काही सिद्ध करायचे असले की कुणाच्या खिशातून सहिष्णुतेची कॉर्दोबा निघते, कुणाच्या खिशातून ज्यूंच्या हद्दपारीचे 1492. या सगळ्या गदारोळात कविता कोण वाचतो?

ज्या शब्दाभोवती हे सारे फिरते, त्या 'कोन्विव्हेन्सिया'ची, म्हणजे सहजीवनाची, जन्मकथा फार बोलकी आहे. कास्त्रो यांनी तो शब्द संस्कृतींना लावला. पण त्यापूर्वी 1926 मध्ये मेनेन्देस पिदाल यांनी स्पॅनिश भाषेच्या उगमावरील ग्रंथात तो वापरला होता, आणि तिथे त्याचा विषय धर्म नव्हता, स्वर होते. जुन्या दस्तऐवजांत लॅटिनच्या एकाच आघातयुक्त 'ओ'ची कुठे 'उओ', कुठे 'उआ', कुठे 'उए' अशी रूपे एकाच काळात, कधी एकाच प्रदेशात शेजारीशेजारी दिसतात. ही रूपे बराच काळ एकत्र नांदतात, एकमेकांना रेटत राहतात, आणि अखेर कास्तीलच्या भाषेत, म्हणजे आजच्या स्पॅनिशमध्ये, 'उए' उरतो. 'पोर्ता'ची 'पुएर्ता' होते. म्हणजे मूळ अर्थाने कोन्विव्हेन्सिया ही चुरस होती, आणि तिचा शेवट बहुतेकांच्या लोपात होत होता. संस्कृतीच्या इतिहासात येताना या शब्दातली चुरस गळाली आणि फक्त नांदणे उरले. माझ्या मते कास्त्रो यांच्या अनुयायांनी केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच. पण तो शब्द सोडून देण्याऐवजी त्याचा मूळ अर्थ परत आणावा, असे मला वाटते.

आता दोन्ही पक्षांचे जे खरोखर बळकट आहे ते मान्य करू. कास्त्रो आणि मेनोकाल यांच्या बाजूचे सर्वांत सबळ म्हणणे स्वर्गाबद्दलचे नसून अभ्यासाच्या रचनेबद्दलचे आहे. युरोपात भाषाकुलांप्रमाणे विभाग पडले. लॅटिनोद्भव भाषांचा अभ्यासक एका इमारतीत, अरबी-हिब्रूचा दुसऱ्या. त्यामुळे एका विषयाचे आंधळेपण ही पद्धतच होऊन बसली. उदाहरणार्थ, चौदाव्या शतकातल्या 'लिब्रो दे बुएन आमोर' या काव्यात ईता गावचा आर्चप्रिस्ट, म्हणजे वरिष्ठ पाद्री, हुआन रुईस स्वतःच सांगतो की आपण ज्यू आणि मूर, म्हणजे मुसलमान, स्त्रियांसाठी नाचाची गाणी रचली. अरबी गाण्याला कोणती वाद्ये मानवत नाहीत त्याची यादीही तो देतो, आणि धनुकलीने वाजवायची विउएला त्यात पहिल्यांदाच येते. त्याची कुंटीण एका मूर स्त्रीकडे त्याचा निरोप घेऊन जाते, तेव्हा ती स्त्री चार वेळा तुटक अरबीत उत्तर देते आणि शेवटचे उत्तर 'आम्शी, आम्शी' असे आहे: चालती हो. अरबी न येणाऱ्या संपादकाला ही नुसती अक्षरांची जुळणी; अरबी येणाऱ्या वाचकाला त्यात दार आपटल्याचा आवाज ऐकू येतो. तेव्हा 'आधी पोथी वाचा' असे मी म्हणतो त्यावर कोणी विचारले की कोणत्या भाषा येणाऱ्याने वाचायची, तर तो प्रश्न योग्यच आहे. पोथीपुढे कोणी कोऱ्या मनाने बसत नाही.

दुसऱ्या बाजूचे बळ साध्या घटनांत आहे. ज्या शमुएल हनागिद यांच्या स्तुतीने हा लेख सुरू झाला, त्यांचा मुलगा योसेफ वडिलांच्या मागे वजीर झाला आणि डिसेंबर 1066 मध्ये ग्रानादाच्या जमावाने त्याला ठार केले. त्याबरोबर शहरातल्या ज्यूंची कत्तल झाली. त्या आधी अबू इसहाक या एल्विराच्या फकिहाने ज्यू वजिराविरुद्ध एक अरबी कसिदा रचला होता, आणि तो आजही अन्दलुसी काव्याच्या इतिहासात वाचला जातो. पुढे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद घराण्याच्या राजवटीत ज्यू आणि ख्रिस्ती यांना धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. कॉर्दोबात जन्मलेल्या ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीसच्या घराण्याला तिथून निघावे लागले. ख्रिस्ती राज्यांत 1391 च्या ज्यूविरोधी दंगली आणि 1492 ची हद्दपारी आहेच. हे सगळे लक्षात ठेवून सहिष्णुतेचा पोवाडा गाणे अवघड आहे, हे फेर्नान्देस-मोरेरा यांचे म्हणणे मी पूर्ण मानतो. पण त्यांच्या पक्षाला जो निष्कर्ष हवा आहे तो यातून निघत नाही. एकाच घराण्याभोवती, एका पिढीच्या अंतराने दोन भाषांची ती खर्जाही रचली गेली आणि तो कसिदाही. कसिद्यामुळे खर्जेतला 'हबीब' पुसला जात नाही आणि खर्जेमुळे 1066 चे प्रेत उठून बसत नाही. दोन्ही कविता खऱ्या आहेत. खोटी आहे ती एकीला साक्षीदार करून दुसरीला गप्प बसवण्याची वकिली.

ही वकिली सर्वांत जास्त सोसली ती 'कान्तार दे मिओ सिद' या जुन्या स्पॅनिश वीरकाव्याने. त्याचा नायक व्हिव्हारचा रोद्रिगो दियास 1094 मध्ये व्हालेन्सिया जिंकतो आणि 1099 मध्ये तिथेच मरतो. तो 'सिद' झाला तो अरबी 'सय्यिदी'वरून. फ्रँकोने 1955 मध्ये बुर्गोसला त्याच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण केले, तेव्हा तो धर्मयुद्धाचा सेनापती होता. कास्त्रोपंथीयांना तोच सिद दोन संस्कृतींच्या सीमेवरचा माणूस म्हणून भावतो, कारण प्रत्यक्ष इतिहासात त्याने सारागोसाच्या मुसलमान राजांची काही वर्षे चाकरी केली होती. काव्य या चाकरीबद्दल चकार शब्द काढत नाही. मग काव्य सांगते तरी काय? पहिले पान हरवलेल्या त्या एकमेव हस्तलिखितात आज जी ओळ पहिली आहे, तीत नायक रडतो आहे. तो मागे वळून आपल्या ओसाड घराकडे पाहतो: दारे उघडी, कुलपे नाहीत, फर आणि झगे नाहीत, आणि ससाणे बसायच्या दांड्या रिकाम्या. त्या दांड्यांना कवीने वापरलेला 'आल्कान्दारा' हा शब्द अरबी. कवीला तो परका वाटला असेल का? मला तरी वाटत नाही. आपल्याला 'खुर्ची' किंवा 'दरवाजा' म्हणताना कुठे परके वाटते?

पुढे आल्कोसेरचा किल्ला जिंकल्यावर सिद आपल्या लोकांना जो सल्ला देतो तो मी विद्यार्थ्यांकडून नेहमी मोठ्याने वाचून घेतो. या मूरांना विकता येणार नाही, तो म्हणतो, आणि त्यांची मुंडकी उडवून काही हाती लागणार नाही. तेव्हा यांच्याच घरांत राहू आणि यांनाच कामाला लावू. हे सहजीवन आहे का? हे धर्मयुद्ध आहे का? हा हिशेब आहे, आणि सरहद्दीवरच्या माणसाचा रोखठोक हिशेब आहे. याच काव्यात मोलिनाचा मूर अधिपती आव्हेन्गाल्वोन हा सिदचा विश्वासू मित्र आहे, आणि त्याला मारण्याचा कट करणारे कार्रिओनचे दोन सरदारपुत्र उच्चकुलीन ख्रिस्ती. त्यांचे बोलणे समजणारा एक मूर तो कट ऐकतो आणि उघड करतो. याच काव्यात राकेल आणि व्हिदास या दोन सावकारांकडे वाळूने भरलेल्या दोन पेट्या सोन्याच्या म्हणून गहाण टाकून सिद 600 मार्क उचलतो; त्यातले 300 चांदीचे, 300 सोन्याचे. कर्ज फेडल्याचे काव्यात कुठेही येत नाही. हे सावकार ज्यू, असे बहुतेक टीकाकार मानत आले. संहितेत मात्र तो शब्द नाही, आणि नसण्याचा अर्थ काय यावर खरा वाद घालता येतो. मित्र मूर, फसवलेले सावकार, रडणारा वीर आणि मुंडक्यांचा हिशेब हे सर्व ज्याच्या मनात एका वेळी मावत नाही, त्याने सिदला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून बोलावू नये.

आणखी एक कविता दोन्ही पक्ष हटकून उद्धृत करतात. चौदाव्या शतकाच्या मध्याला कार्रिओनच्या शेम तोव या रब्बीने पेद्रो राजासाठी कास्तीलच्या भाषेत नीतिवचने रचली. त्यातल्या प्रसिद्ध ओळींचा आशय असा: काट्यांत जन्मली म्हणून गुलाबाची किंमत कमी होत नाही, वेलीच्या काटकीतून आली म्हणून चांगल्या दारूची होत नाही, वाईट घरट्यात जन्मला म्हणून ससाण्याची होत नाही, आणि ज्यूने सांगितली म्हणून चांगल्या दृष्टान्तांची होत नाही. एक पक्ष म्हणतो, पाहा, ज्यू कवी ख्रिस्ती राजाला त्याच्याच भाषेत चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. दुसरा म्हणतो, पाहा, बिचाऱ्याला स्वतःच्या जन्मालाच 'वाईट घरटे' म्हणावे लागते. मराठी वाचक इथे थबकेल, कारण शेम तोवच्या थोडेच आधी मंगळवेढ्याच्या चोखोबांनी "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा" असे म्हटले होते. युक्तिवाद जवळजवळ तोच, दृष्टान्ताची घडणही तीच. या अभंगावरून चौदाव्या शतकातले पंढरपूर समतेचे माहेर होते असे कोणी अनुमान काढील काय? महाद्वारात जाऊ दिले नाही म्हणूनच तो अभंग आहे. आणि त्याच कारणाने अभंगाचे काव्य कमअस्सल ठरते असेही कोणी म्हणत नाही. आपण चोखोबांना जे देतो ते शेम तोवला द्यायला का कचरतो?

लिपी, वृत्त, कथा आणि धर्म यांची फाळणी सत्तेच्या नकाशाप्रमाणे होत नाही, याचे एक टोकाचे उदाहरण म्हणजे 'पोएमा दे यूसुफ'. बहुधा चौदाव्या शतकातली ही रचना. भाषा आरागोनी वळणाची, वृत्त चार ओळींचे, एकाच यमकाचे, ख्रिस्ती पाद्र्यांनी प्रतिष्ठा दिलेले, कथा कुराणातल्या युसुफची, आणि लिपी अरबी. रचणारा ख्रिस्ती राज्यातला मुसलमान. यावर नवल करणाऱ्या मराठी माणसाला गोव्यातल्या राचोलची आठवण करून द्यावी लागेल. तिथे 1616 मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले: भाषा मराठी, छंद ओवी, कथा बायबलची आणि लिपी रोमन. त्याच गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालयाचा वरवंटा फिरत होता, आणि तो याच इबेरियातून आला होता. ख्रिस्तपुराणाच्या दहा हजारांहून अधिक ओव्या हा पोर्तुगीज औदार्याचा दाखला होतो का? होत नाही. धर्मन्यायालयामुळे त्या ओव्यांतली मराठी नासते का? तेही नाही.

मालकीच्या भाषेत बोलणाऱ्यांचा आणखी एक आवडता मुद्दा मूळस्थानाचा असतो: जिथून आले त्याचे ते. अरबीतून आले असेल तर अरबांचे. हा न्याय लावायचा तर तो पुरता लावू. 1251 मध्ये, पुढे आल्फोन्सो दहावा म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या आज्ञेने 'कालिला ए दिम्ना'चे अरबीतून कास्तीलच्या भाषेत भाषांतर झाले. ते अरबी पुस्तक पहलवीतून आलेले आणि पहलवी पुस्तक आपल्या पंचतंत्रातून. 1335 मध्ये आल्फोन्सोचा पुतण्या डॉन हुआन मानुएल याने 'कोन्दे लुकानोर' पुरे केले, त्यातली दोन्या त्रुआना मधाचे मडके डोक्यावर घेऊन बाजाराला निघते. मध विकीन, अंडी घेईन, कोंबड्या होतील, मग मेंढ्या, मग मुलामुलींची लग्ने, असे इमले रचता रचता ती हसत कपाळावर हात मारते आणि मडके खाली. सातूच्या पिठाचे मडके लाथेने फोडणारा पंचतंत्रातला ब्राह्मण तोच. फक्त सातूचा मध झाला आणि ब्राह्मणाची बाजाराला निघालेली बाई झाली. मूळस्थानाच्या न्यायाने ती बाई आपली ठरते. पण डोक्यावरचे मडके, रस्त्यात एकटीच हसणारी बाई आणि तो कपाळावरचा हात यांत हुआन मानुएलची नजर आहे. आणि ही गोष्ट कास्तीलच्या दरबारी पोचली म्हणून तिथे अरबांवरची मोहीम एका दिवसाने तरी पुढे ढकलली गेली का? 1248 मध्ये मुसलमानांचे सेव्हिया (सेव्हिल) पडले, 1251 मध्ये भाषांतर झाले. दोन्ही कामांत तोच राजपुत्र होता.

यावर एक शेवटचा आक्षेप येईल, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. तुमचे पाठभेद आणि लिप्या ठीक, पण लोकांना जे विचारायचे आहे ते साधे आहे: भिन्न धर्माची माणसे एकत्र राहू शकली का? त्याचे उत्तर अभ्यासकाने टाळावे काय? टाळू नये, मात्र योग्य कागदाला विचारावे. कविता हा त्यासाठी वाईट कागद आहे, कारण कविता आशयापेक्षा संकेतावर चालते आणि प्रशस्ती लिहिणाऱ्याला बिदागी हवी असते. करांची दफ्तरे, जमिनीची खते, नगरांच्या सनदा, खटल्यांचे कागद हे कितीतरी जास्त बोलतात. डेव्हिड निरेनबर्ग यांनी 1996 च्या ग्रंथात चौदाव्या शतकातल्या आरागोनचे असे कागद वाचून दाखवले की पवित्र सप्ताहात ज्यू वस्तीवर होणारी दगडफेक हा एक ठरलेला विधीच होता. त्यात क्रौर्य होते, पण क्रौर्याची हद्दही आखलेली होती, आणि ही बांधलेली हिंसा रोजच्या शेजाराचाच भाग होती. हे उत्तर स्वर्गवाल्यांना नको आणि नरकवाल्यांनाही नको. म्हणूनच ते मला विश्वसनीय वाटते. मेनेन्देस पिदाल यांच्या 'उओ' आणि 'उए'च्या कोन्विव्हेन्सियाशी त्याचे किती जमते पाहा.

मग साहित्याच्या अभ्यासकाने भांडावे तरी कशावरून? भांडायला खर्जेतच भरपूर आहे. 'तन्त अमारे'ची दुसरी ओळ मी वर अर्थासह सांगितली खरी. पण तिच्यातल्या शब्दांचे एकमत अजून नाही. पोथीत स्वर लिहिलेले नाहीत. हिब्रू लिपीत 'दालेत' आणि 'रेश' यांत फरक काय तो एका कोपऱ्याचा. 'वाव्ह' आणि 'योद' यांत शेपटीच्या लांबीचा. अरबी लिपीत तर एक नुक्ता सरकला की 'ब'चा 'न' होतो आणि नुक्त्यांची जोडी सरकली की 'त'चा 'य'. त्यातून बऱ्याच प्रती पूर्वेकडच्या लेखनिकांच्या, ज्यांनी ती लॅटिनोद्भव बोली आयुष्यात ऐकली नव्हती आणि जे समजेल तसे नक्कल करत गेले. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांची तोड मनाने करावी लागते. इथे पूर्ण स्वर मनाने भरायचा, आणि तोही अशा बोलीचा जिचा दुसरा लिखित पुरावा अगदी तुटपुंजा. 1988 मध्ये ॲलन जोन्स यांनी अरबी मुवश्शहांमधल्या खर्जा हस्तलिखितांच्या छायाचित्रांसह छापल्या, तेव्हा एमिलिओ गार्सिया गोमेस यांच्यासारख्या थोर संपादकांनी सुबक स्पॅनिशमध्ये बसवलेल्या किती ओळी प्रत्यक्षात अनुमानावर उभ्या आहेत ते वाचकाला पहिल्यांदा डोळ्यांनी पाहता आले. जोन्स यांच्यावर टीका झाली. अतिसावध माणसाला कधीच काही वाचता येणार नाही, असे काही जण म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. पण हा वाद कसा चांगला आहे पाहा: यात हरणारा माणूस कोणत्या धर्माचा हे कळून काही उपयोग नाही, त्याला लिपी किती येते हे कळावे लागते. स्टर्न यांनी खर्जा शोधल्या त्या 'सहजीवन' सिद्ध करण्यासाठी नव्हेत. हिब्रू पोथीच्या शेवटी निरर्थक म्हणून सोडून दिलेली अक्षरे त्यांनी मोठ्याने वाचून पाहिली.

'सिद'च्या हस्तलिखिताची शेवटची पानेही अशीच. ते आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. चर्मपत्राची 74 पाने, आणि फिकट शाई उजळावी म्हणून शतकानुशतके वाचकांनी, त्यांत मेनेन्देस पिदालही आले, लावलेल्या रसायनांनी कित्येक जागी काळी पडलेली. पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या अखेरच्या नोंदीत, पेर आबात हे नाव आहे आणि मे महिना, 'इरा' 1245 अशी नोंद आहे. आपल्या शकात 78 मिळवले की सन येतो; स्पॅनिश इरेतून 38 वजा करावे लागतात, म्हणजे 1207. पण रोमन अंकांतल्या दोन 'सी'नंतर थोडी जागा मोकळी आहे, आणि तिथला तिसरा 'सी' कोणी खरवडला की काय यावर विद्वानांनी पानेच्या पाने लिहिली. तो असता तर शंभर वर्षांचा फरक पडला असता. त्याखाली दुसऱ्या हातच्या ओळी आहेत. काव्य वाचून झाले, आता आम्हाला दारू द्या. पैसे नसतील तर काहीतरी गहाण टाका इकडे, असे वाचणारा म्हणतो आहे. समोर बसलेल्या मंडळींनी वाळूच्या पेट्यांची गोष्ट नुकतीच ऐकलेली असणार, तेव्हा त्या रात्री त्याच्या पुढ्यात काय गहाण पडले असेल ते सांगवत नाही.